फूल उलटं करून बघा: बटरकपवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रानातल्या पिवळ्या फुलांवर लिहिलं होतं, त्यात बटरकपवर जेमतेम एक परिच्छेद होता आणि गंमत म्हणजे बहुतेक प्रश्न त्या एका परिच्छेदावरच आलेत. बऱ्याच जणांनी फोटोही पाठवलेत, फोटो छानच आहेत, पण जवळपास सगळे समोरून काढलेले, फुलाच्या तोंडावर कॅमेरा धरून. बटरकपची जात ओळखायला सगळ्यात बिनकामाची बाजू कुठली असेल तर ती हीच. पुढून सगळे सारखेच दिसतात हो, पाच पिवळ्या पाकळ्या आणि मधे केसरांचा गुच्छ. खरी माहिती फुलाच्या पाठीमागे, देठावर, खालच्या पानात आणि पायाखालच्या मातीत असते. खाली तेच वेगवेगळ्या तऱ्हेने पुन्हापुन्हा येणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

प्रश्न: ताई, पाच चकचकीत पिवळ्या पाकळ्या दिसल्या की बटरकप म्हणायचं का? माझं ॲप त्याच झाडाला एकदा बटरकप सांगतं, एकदा पोटेंटिला.

नाही, नुसत्या पाच पिवळ्या पाकळ्यांवर जाऊ नका, पाच पिवळ्या पाकळ्या अर्ध्या जगाला असतात. ॲपचा तरी काय दोष, त्याला तुम्ही जे दाखवलं तेवढंच ते बघणार. एक पाकळी हळूच सोडवा आणि तिचं बूड बघा, जिथे ती फुलाला चिकटलेली होती तिथे. बटरकपच्या पाकळीच्या बुडाशी आतल्या बाजूने एक बारकासा खिसा किंवा खवला असतो, त्यात मध असतो. साध्या भिंगातून स्पष्ट दिसतो, नजर चांगली असेल तर भिंगाशिवायही. पोटेंटिला हे गुलाबाच्या कुळातलं झाड, त्याच्या पाकळीला हा खिसा नसतो.

दुसरं म्हणजे फूल उलटं करा. पोटेंटिलाला मागे हिरव्या दलांची दोन वर्तुळं दिसतात, पाच मोठी आणि त्यांच्या अधेमधे पाच छोटी, बटरकपला एकच वर्तुळ, पाचाचंच. शिवाय पोटेंटिलाच्या पानाच्या देठाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पानासारखे छोटे कान असतात, तसे बटरकपला नसतात.

आणखी एक जण नेहमी फसवतो तो म्हणजे मार्श मॅरिगोल्ड, कॅल्था पालुस्ट्रिस. हा बटरकपच्याच कुळातला आहे, ओल्या जागी वाढतो, फूल पिवळंधमक आणि जाडजूड. पण त्याच्या फुलाच्या मागे हिरवी दलं नसतातच, कारण जे पिवळं दिसतंय तीच त्याची दलं, आणि पान अखंड, गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं. मागे हिरवं काहीच नाही म्हटल्यावर विषय संपला.

प्रश्न: कुरणात दिसणारे बटरकप सगळे एकच असतात का? पुस्तकात मेडो, क्रीपिंग आणि बल्बस अशी तीन नावं दिलीत पण चित्रं तिन्ही सारखीच वाटतात.

चित्रं सारखी वाटतात कारण चित्रकाराने फुलावर मेहनत घेतलेली असते आणि देठावर नाही. तिन्ही जाती मूळच्या युरोप आणि आसपासच्या भागातल्या, नंतर माणसाबरोबर उत्तर अमेरिकेपासून न्यूझीलंडपर्यंत पोचलेल्या, आणि तिघांनाही शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलं. जातींची एकूण संख्या सुमारे ६०० धरतात पण जुन्या गवताळ कुरणात उभे असाल तर बहुतेक वेळा या तिघांपैकीच कोणीतरी असतं, म्हणून या तिघांवर वेळ घालवणं परवडतं.

आधी हिरवी दलं बघा. पूर्ण उमललेलं फूल घ्या, कळी नको, आणि मागून बघा. दलं पाकळ्यांना चिकटून वर किंवा आडवी पसरलेली आहेत, की मागे वळून देठाला टेकलेली आहेत? मागे वळलेली, म्हणजे अगदी उलटी पडून देठाला लागलेली असतील तर तो बल्बस, रॅननक्युलस बल्बोसस (रॅननक्युलस हे बटरकपच्या सगळ्या गटाचं शास्त्रीय नाव). ही एक खूण ९९ वेळा कामाला येते म्हटलं तरी चालेल असं मी म्हणणार होते, पण सार्डस नावाची एक जात आहे तिचीही दलं मागे वळतात, तिच्याकडे पुढे येऊ. बल्बसची दुसरी खूण जमिनीत आहे. खोडाच्या बुडाशी बोटाने थोडी माती बाजूला करा, झाड उपटायची अजिबात गरज नाही, आत एक टणक फुगीर गाठ बोटाला लागते, छोट्या कांद्यासारखी. लागली की शंका मिटली.

दलं मागे वळलेली नाहीत? मग देठाकडे या. फुलाचा देठ दोन बोटांत धरून हळूच फिरवा. क्रीपिंग बटरकपच्या म्हणजे रेपेन्सच्या देठाला लांबीच्या दिशेने पन्हाळी असतात, बोटाला कडा जाणवतात. मेडो बटरकपचा, ॲक्रिसचा देठ गुळगुळीत गोल, फिरवला तर कुठेच अडत नाही. (बल्बसचा देठही पन्हाळीचा असतो पण त्याला तुम्ही आधीच बाजूला काढलंय.) मला विचाराल तर ही बोटाने करायची तपासणी डोळ्याने करायच्या तपासणीपेक्षा जास्त भरवशाची आहे, संध्याकाळी उजेड कमी असला तरी चालते.

मग पान. रेपेन्सचं पान तीन भागांत असतं आणि मधल्या भागाला स्वतःचा वेगळा देठ असतो, तो बाकी दोघांपासून पुढे सरकलेला दिसतो. पानावर बरेचदा फिकट डागही असतात. बल्बसच्या पानाचंही मधलं पातं देठावर असतं. ॲक्रिसच्या पानाला मात्र असा मधला देठ नसतो, पान तळहातासारखं एकाच जागेवरून खोल खोल चिरत गेलेलं, टोकं अणकुचीदार, आणि खोडावर जसजसं वर जाल तसतसं पान बारीक होत जातं, अगदी वर नुसत्या दोन-तीन रेघा उरतात. उंचीही मदत करते, ॲक्रिस ३० सेंमीपासून मीटरभरापर्यंत जातो, गवताच्या वर डोकं काढून डोलत असतो, बाकी दोघे सहसा बुटके.

आणि रेपेन्सची सगळ्यात सोपी खूण तर त्याच्या नावातच आहे, तो सरपटतो. जमिनीलगत लांब रनर, म्हणजे सरपटत्या आडव्या फांद्या, सोडतो, रनरच्या प्रत्येक पेऱ्याला मुळं फुटतात आणि तिथे नवं झाड उभं राहतं. एक झाड उचलायला गेलात आणि बाजूची चार झाडं हलली तर तो रेपेन्स.

प्रश्न: हे तिघं एकाच कुरणात एकत्र वाढतात का? की प्रत्येकाची जागा ठरलेली असते?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण उत्तर "दोन्ही" असं आहे. एकाच कुरणात तिघंही असू शकतात आणि तरीही प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

इंग्लंडमध्ये जुन्या काळी नांगरून नांगरून तयार झालेली वरंबे आणि सऱ्यांची जमीन पुढे गवताखाली गेली आणि तशीच राहिली. अशा कुरणात जमीन लाटांसारखी वरखाली असते, फरक फार नाही, गुडघ्याएवढाही नसतो कधी कधी. जॉन हार्पर आणि सागर या दोन वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये अशा कुरणांतले बटरकप तपासले तेव्हा चित्र फार स्वच्छ निघालं: वरंब्याच्या माथ्यावर, जिथे पाणी झटकन निचरून जातं तिथे बल्बस, सरीच्या तळाशी जिथे पाणी साचून राहतं तिथे रेपेन्स, आणि मधल्या उतारावर ॲक्रिस. दोन पावलं टाकली की जात बदलते! म्हणजे बटरकप बघून तुम्हाला पाणी कुठे थांबतं ते कळतं, आणि पाणी कुठे थांबतं ते बघून बटरकप कळतो.

यामागचं कारण फार गूढ नाही. बल्बसच्या गाठीत अन्न साठवलेलं असतं, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की त्याची पानं वाळून जातात आणि झाड जमिनीखाली गाठीच्या रूपात पडून राहतं, शरदात ओल आली की पुन्हा पानं काढतं. हाच साचलेल्या पाण्यात टिकत नाही. रेपेन्सचं उलटं, त्याला ओली, घट्ट, चिखलाची जमीन चालते आणि रनरमुळे तो मोकळी झालेली जागा पटकन धरतो, म्हणून तो गुरांच्या खुरांनी तुडवलेल्या फाटकाजवळ, पायवाटेच्या कडेला, नाल्याच्या काठावर, खणलेल्या वाफ्यात अशा सगळ्या "बिघडलेल्या" जागी भेटतो. हार्परचाच विद्यार्थी होसे सारुखान (पुढे मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा प्रमुख झाला तोच) त्याने वेल्समधल्या कुरणात या तिन्ही जातींची एकेक झाडं खुणा करून कोण जन्मतं, कोण मरतं याची नोंद ठेवली, आणि त्यात दिसलं की रेपेन्सचा कारभार मुख्यतः रनरवर चालतो, बल्बसचा मात्र पूर्ण भरवसा बियांवर.

जमिनीचा कसही बघा. चुनखडीच्या, पातळ मातीच्या, कोरड्या उतारावर बल्बस. साधारण सकस, ओलसर, वर्षानुवर्षं न नांगरलेल्या गवतात ॲक्रिस. आणि वेळ पण: उत्तर गोलार्धात बल्बस आधी फुलतो, एप्रिलच्या सुमाराला, ॲक्रिस आणि रेपेन्स मे महिन्यात जोर धरतात आणि उन्हाळाभर चालू राहतात. एप्रिलमध्ये कोरड्या उतारावर फुललेला बटरकप दिसला तर खाली न वाकताही बल्बसवर पैज लावायला हरकत नाही, पण वाका, वाकायचंच.

प्रश्न: हनुवटीखाली फूल धरलं की पिवळा उजेड पडतो तो कशामुळे? आणि त्यावरून जात ओळखता येते का?

जात नाही ओळखता येत, बरेच पिवळे बटरकप असा उजेड पाडतात. कारण मात्र मजेशीर आहे. पाकळीच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी विलक्षण सपाट असतात, इतर फुलांमध्ये त्या सहसा टेकडीसारख्या उंचवट्याच्या असतात. या सपाट थरात पिवळं रंगद्रव्य, त्याच्या खाली हवेची पातळ फट, आणि त्याखाली स्टार्चने भरलेला पांढरा थर. वरचा सपाट थर आरशासारखं काम करतो, खालचा स्टार्च उजेड परत वर फेकतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे नीट उलगडून दाखवलं. हा थर अतिनील प्रकाशही परावर्तित करतो, जो मधमाश्यांना दिसतो, म्हणजे आपण जे हनुवटीवर बघतो ते माशीसाठी लांबून दिसणारं सिग्नल आहे.

प्रश्न: जंगलात एक बटरकप बघितला, काही फुलांना दोनच पाकळ्या, एकाला तर एकही नाही. रोग पडला असेल का?

रोग नाही, तो गोल्डिलॉक्स, रॅननक्युलस ऑरिकोमस, आणि त्याची ही सवयच आहे. पाकळ्या कमीजास्त, वेड्यावाकड्या, कधी अजिबात नाहीत, एकाच झाडावर तीन फुलं तीन तऱ्हेची. नवशिक्याला वाटतं कुणीतरी खुडल्या. खात्री करायची तर जमिनीलगतचं पान बघा, ते गोलसर मूत्रपिंडाच्या आकाराचं, फार न चिरलेलं असतं, आणि खोडावरची पानं मात्र एकदम बारीक बारीक पट्ट्यांची, दोन वेगळ्या झाडांची पानं एकत्र आली की काय असं वाटावं इतकी वेगळी. जागा म्हणजे पानगळीच्या जंगलातली सावली, जुनी झाडी, कुंपणाच्या कडा. ब्रिटनमध्ये तर जुनं, शतकानुशतकं जंगलच राहिलेलं रान ओळखायच्या खुणांमध्ये याचा नंबर लागतो.

याच्या बिया बहुतेक वेळा फलन न होताच तयार होतात, म्हणजे पुढची पिढी आईची हुबेहूब नक्कल. त्यामुळे एखाद्या खोऱ्यात झालेला छोटासा बदल तिथेच टिकून राहतो आणि वनस्पतीशास्त्रज्ञांनी अशा शेकडो सूक्ष्म जाती करून ठेवल्यात. त्यात तुम्ही शिरू नका. मीही शिरत नाही, ऑरिकोमस म्हणून वहीत लिहिते आणि पुढे जाते.

प्रश्न: वसंताच्या अगदी सुरुवातीला ओलसर सावलीत पिवळा गालिचा दिसला, पाकळ्या आठ-नऊ, पान बदामाच्या आकाराचं. हा बटरकप आहे का?

हा लेसर सेलँडाइन. पूर्वी याला रॅननक्युलस फिकारिया म्हणायचे, आता बरेच जण वेगळ्या गटात टाकून फिकारिया व्हर्ना म्हणतात. पाकळ्या ७ ते १२, अरुंद, जुन्या झाल्या की पिवळा उडून पांढरट होतात, आणि मागे हिरवी दलं सहसा तीनच. पाच मोजायची सवय असलेल्या माणसाला इथे धक्का बसतो. पान तुकतुकीत, बदामी, अखंड.

झाडांना पालवी फुटून सावली दाट व्हायच्या आत याचं सगळं आटोपलेलं असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलायचं आणि जूनपर्यंत पानासकट गायब. खाली बारीक लांबट कंदांचा घोस उरतो. एक प्रकार असा आहे की फुलं सरल्यावर पानाच्या बगलेत गव्हाएवढ्या पांढऱ्या गाठी धरतो, त्या गळून पडतात आणि प्रत्येकीचं झाड होतं. त्याच्या जोरावर उत्तर अमेरिकेत नदीकाठच्या पूरमैदानांवर हा इतका पसरला की तिथली मूळची वासंतिक रानफुलं दबली गेली. घरी कुंडीत लावायचा विचार असेल तर हे लक्षात घ्या.

प्रश्न: नदीच्या वाहत्या पाण्यात पांढऱ्या फुलांची लांब शेवाळासारखी झुलपं दिसली, माहितगार माणूस म्हणाला बटरकप आहे. चेष्टा तर करत नव्हता ना?

अजिबात नाही. वॉटर क्रोफूट म्हणतात त्यांना, रॅननक्युलसच आहेत, पाकळ्या पांढऱ्या आणि बुडाशी पिवळा ठिपका. तो पिवळा ठिपका आणि मधाचा खिसा बघितला की नातं पटतं.

या गटात पानावर सगळं अवलंबून आहे. पाण्याखालचं पान केसासारख्या धाग्यांचं, पाण्यावर तरंगणारं पान सपाट आणि खाचा पडलेलं. काही जातींना दोन्ही असतात, उदाहरणार्थ ॲक्वाटिलिस, संथ तळ्यात, डबक्यात. काहींना फक्त धागे: फ्लुइटान्स हा वेगाने वाहणाऱ्या नद्यांमधला, त्याची झुलपं कित्येक मीटर लांब होऊन प्रवाहाबरोबर आडवी पडतात, तुम्ही बघितलेला हाच असायची शक्यता जास्त. ट्रायकोफिलस पण फक्त धाग्यांचा, पण तो संथ पाण्यातला आणि धागे आखूड. हाच एव्हरेस्टच्या परिसरातल्या तळ्यांमध्ये ४,७०० मीटरच्या वरही सापडलाय, इतक्या उंचीवर पाण्यात वाढणाऱ्या फुलझाडांची गणती फार थोडी. सर्सिनॅटसचे धागे ताठ आणि चकतीसारखे एका पातळीत पसरलेले, पाण्याबाहेर काढले तरी कोसळत नाहीत, बाकीच्यांचे ओल्या केसांसारखे लोंबतात. आणि हेडेरासियसला धागे नसतातच, नुसती आयव्हीसारखी छोटी पानं, उथळ पाण्याच्या काठच्या चिखलावर पसरलेली.

एक सूचना, फक्त एका फुलाचा फोटो पाठवून या गटातली जात विचारू नका, कुणालाच सांगता येणार नाही. पाण्याखालचं पान, वरचं पान असेल तर ते, आणि पाणी वाहतं की उभं, एवढं तरी पाहिजे. युरोपियन युनियनच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात क्रोफूट असलेल्या नद्यांना वेगळा संरक्षित अधिवास मानलंय, कारण या झुलपांमध्ये माशांची पिल्लं आणि पाणकिडे लपतात.

प्रश्न: पान चिरलेलं नसलेला बटरकप असतो का? दलदलीत एक बघितला, पान भाल्यासारखं सरळ.

असतो, स्पिअरवर्ट. फूल दीड-दोन सेंमी किंवा त्याहून लहान, झाड गुडघ्याखाली असेल तर फ्लॅम्युला, हा दलदल, तळ्याचा काठ, ओली वाट सगळीकडे. झाड कमरेपर्यंत किंवा वर, फूल अंगठा आणि तर्जनीच्या कड्याएवढं असेल तर लिंग्वा, हा वेतासारख्या उंच गवतांच्या दलदलीत, आणि पुष्कळ कमी जागी.

प्रश्न: फुलं गळून गेल्यावर ओळखता येतं का? आम्ही पोचतो तेव्हा सीझन संपलेला असतो.

उलट कधी कधी जास्त सोपं जातं. बटरकपला एका फुलातून पुष्कळ छोटी कोरडी फळं येतात, प्रत्येकात एक बी आणि टोकाला चोच. सगळी मिळून एक हिरवा काटेरीसा गोळा होतो. हा गोळा बघा.

गोळा गोल नसून लांबट, बोटाच्या टोकासारखा, त्यात ७०-१०० किंवा जास्त बारीक फळं, झाड तुकतुकीत, पोकळ खोडाचं आणि जागा म्हणजे आटत चाललेल्या तळ्याचा चिखल, तर तो स्केलेराटस. फुलं याची इतकी बारकी, ५ ते १० मिलिमीटर, की बरेच जण फुलात असताना याच्या शेजारून निघून जातात. खत, शेण, सांडपाणी मिसळलेला चिखल याला विशेष आवडतो, आणि युरोप, आशिया, उत्तर अमेरिका तिन्हीकडे हा आहे.

गोळ्यात फळं चारच किंवा आठपर्यंत, पण प्रत्येक मोठं आणि चपटं, अंगावर लांब काटे, तर तो आर्वेन्सिस, गव्हाच्या शेतातला. याचा काटा एकदा मोज्याला चिकटला की विसरत नाही माणूस. तणनाशकं आणि बियाणं स्वच्छ करायची यंत्रं आल्यापासून ब्रिटनमध्ये हा जवळपास दिसेनासा झालाय, पण हिमालयाच्या पश्चिमेकडच्या गव्हात अजून तण म्हणून भेटतो.

आणि वर उल्लेख केलेला सार्डस: दलं मागे वळलेली, पण खाली गाठ नाही, झाड एका वर्षाचं, अंगावर फिकट लव, फूल फिकट पिवळं, आणि भिंगातून फळाच्या कडेला बारीक पुटकुळ्यांची रांग. समुद्राजवळची ओली कुरणं याची आवडती. म्हणजे बल्बस म्हणायच्या आधी माती उकरून बघा म्हटलं ते याच्यासाठी.

प्रश्न: बटरकप विषारी असतो म्हणतात. मग ओळखायला हात लावायचा की नाही?

लावा, पण चुरगळू नका. झाडात रॅननक्युलिन नावाचा पदार्थ असतो, तो स्वतः फार त्रास देत नाही, पण पान किंवा खोड चिरडलं की त्यापासून प्रोटोॲनेमोनिन तयार होतं आणि ते कातडीला जाळतं, फोडही येतात. स्केलेराटस यात सगळ्यात जहाल. देठ फिरवून बघणं वेगळं आणि मुठीत चोळणं वेगळं. नंतर हात धुवा, डोळ्याला लावू नका, चव तर कधीच घेऊ नका.

गुरं ताजा बटरकप टाळतात, विशेषतः ॲक्रिस आणि बल्बस, म्हणून जास्त चरलेल्या कुरणात आजूबाजूचं गवत संपतं आणि बटरकपच उरतो. लोक म्हणतात काय सुंदर पिवळं रान आहे, खरं म्हणजे ते बऱ्याचदा जादा चराईचं लक्षण असतं. चारा वाळला की प्रोटोॲनेमोनिनचं रूपांतर निरुपद्रवी ॲनेमोनिनमध्ये होतं, त्यामुळे सुक्या चाऱ्यातला बटरकप गुरांना बाधत नाही.

प्रश्न: उंच डोंगरावर बर्फाजवळ पांढरट गुलाबी बटरकप असतो असं वाचलं, खरं आहे का?

खरं. ग्लेशियालिस, आल्प्समध्ये ४,००० मीटरच्या वर सापडलेल्या अगदी मोजक्या फुलझाडांपैकी एक, शिवाय स्कँडिनेव्हिया आणि आइसलंडमध्येही. चुनखडी नको, ग्रॅनाइटसारख्या खडकाचा सुटा दगडगोटा आणि वितळत्या बर्फाचं पाणी हवं. फूल पांढरं उमलतं आणि पुढे गुलाबी, लालसर होतं. उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात ॲडोनियस नावाचा पिवळा आहे तो बर्फ वितळतो तिथेच कडेला फुलतो आणि दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवत राहतो, फुलाची वाटी उबदार राहते आणि किडे बसायला येतात. सगळ्यात मोठा मात्र न्यूझीलंडच्या डोंगरात, लायली, मोठी पांढरी फुलं आणि ताटलीएवढं गोल पान ज्याचा देठ मध्यभागी चिकटलेला. त्याला तिथे माउंट कुक लिली म्हणतात, लिलीशी काही संबंध नाही.

प्रश्न: क्रीपिंग बटरकपला कधी कधी सहा-सात पाकळ्या दिसतात. वेगळी जात का?

नाही, तीच जात. पण मोजण्यासारखी गोष्ट आहे. वेल्समधल्या कुरणांवर झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की कुरण जितकं जुनं तितकी जादा पाकळ्यांच्या फुलांची संख्या जास्त, ढोबळ हिशेब असा की १०० फुलं बघायची आणि त्यात जादा पाकळ्यांची जितकी सापडतील त्या आकड्याला सातने गुणायचं, साधारण तितकी वर्षं ते कुरण नांगरलेलं नाही. झाड रनरने पसरतं आणि म्हातारं होत जाताना त्यात बदल साचत जातात असं स्पष्टीकरण दिलं जातं. मला हे आवडतं पण यावर जमिनीचा इतिहास लिहायला बसू नका, तिथल्या जुन्या माणसाला विचारणं जास्त खात्रीचं. आणि हे फक्त रेपेन्ससाठी, त्यामुळे मोजायच्या आधी देठ फिरवून बघा.

प्रश्न: मग पुढच्या वेळी तुम्हाला फोटो पाठवायचे तर कसे काढू?

एकाच झाडाचे पाच. एक: उमललेलं फूल मागून, हिरवी दलं दिसतील असं. दोन: फुलाखालचा देठ, जितका जवळून जमेल तितका, आणि बोटाला पन्हाळी लागल्या का ते मेसेजमध्ये लिहा, फोटोत बऱ्याचदा कळत नाही. तीन: जमिनीलगतचं सगळ्यात खालचं पान, वरचं नको. चार: खोडाचं बूड, थोडी माती सरकवून, रनर असेल तर तोही, आणि फोटो झाला की माती परत लोटा. पाच: दहा पावलं मागे जाऊन त्या जागेचा, म्हणजे उतार, सावली, पाणी दिसेल. फळं धरली असतील तर सहावा फोटो फळांचा. तारीख आणि ओल किती तेवढं लिहा, बूट रुतले की नाही इतकं सांगितलं तरी पुरे. समोरून काढलेला सुंदर फोटो पण पाठवा, तो अंकात छापायला उपयोगी पडेल.